मोटारसायकल इंजिन : तेल व कूलंट दोषनिदान
द्रवशीतित इंजिनात तेल आणि कूलंट स्वतंत्र मार्गांनी फिरतात. हे मार्ग एकमेकांत मिसळले की तेल दुधी चहासारखे दिसू लागते. बहुतेक मोटारसायकलींत क्लच आणि गिअरबॉक्स याच तेलावर चालतात, त्यामुळे बेअरिंगसोबत त्यांचीही झीज होते. भारतात यामाहा आर१५ (२००८) आणि बजाज पल्सर २०० एनएस (२०१२) यांनी द्रवशीतित इंजिने सामान्य चालकापर्यंत आणली.

दुधी तेल दिसताच हेड गॅस्केटला दोष देण्याची घाई होते. आधी वॉटर पंप पाहणे शहाणपणाचे. त्याच्या दांड्यावर एक सील तेलाला अडवते, दुसरे कूलंटला. दोन्हींमधल्या पोकळीला खाली बारीक छिद्र असते. तिथून कूलंट ठिबकले तर कूलंटकडील सील गेले, तेल ठिबकले तर तेलाकडील. छिद्र चिखलाने बुजले, की गळती बाहेर न दिसता तेलात शिरू शकते.

रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, गोडसर वासाचा पांढरा धूर आणि घटणारे कूलंट ही मात्र गॅस्केट फुटल्याची चिन्हे. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे : रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीले झिजली. थंडीत छोट्या फेऱ्यांनंतर तेलाच्या झाकणाखाली साचणारा फेस बहुधा केवळ बाष्पाचा असतो.

इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये; दाबाखालील कूलंट उसळून गंभीर भाजते. तेल दुधी झाल्यास गाडी चालवत न नेता उचलून न्यावी.