माशीचा गळ आणि ग्रंथपरंपरा

राजांच्या स्वाऱ्यांचा आणि संतांच्या वाणीचा इतिहास आपण आवडीने लिहितो. माणसाच्या विरंगुळ्याचा इतिहास लिहावा असे मात्र आपणांस क्वचितच वाटते. वस्तुतः एखादा समाज फावल्या वेळी काय करतो आणि त्याविषयी काय लिहून ठेवतो, यावरून त्याची ओळख पुष्कळदा अधिक नेमकी पटते. या दृष्टीने इंग्लंडात रुजलेल्या एका छंदाचा वृत्तान्त येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे. तो छंद म्हणजे कृत्रिम माशीच्या गळाने मासे धरण्याचा.

गांडूळ किंवा कणकेची गोळी लावलेला गळ आपल्याकडे नदीकाठच्या मुलांनाही ठाऊक असतो. कोकणात व गोव्यात त्यालाच गरी म्हणतात. माशीच्या गळाची गोष्ट निराळी. थंड, वाहत्या पाण्यात राहणारा ट्राउट नावाचा ठिपकेदार मासा पाण्यावर उतरणारे बारीक किडे टिपून खातो. हे किडे इतके नाजूक असतात की गळात ओवू गेल्यास त्यांचा चुरा होतो. म्हणून पीस, लोकर व रेशीम यांनी गळावरच त्यांची प्रतिकृती बांधावयाची. ही माशी इतकी हलकी असते की ती दगडासारखी भिरकावता येत नाही. फेकावयाची असते ती दोरी. लवचिक काठीने दोरी पाठीमागे न्यावयाची, ती पुरती उलगडेपर्यंत क्षणभर थांबावयाचे आणि मग पुढे सोडावयाची. दोरीच्या वजनाने माशी जाते आणि खऱ्या किड्यासारखी अलगद पाण्यावर टेकते. घाई झाली की दोरी चाबकासारखी वाजते आणि माशी तुटून पडते. या कौशल्याचे मर्म त्या क्षणभराच्या थांबण्यात आहे.

या कलेचा सर्वांत स्पष्ट असा प्राचीन उल्लेख मिळतो तो इंग्लंडात नव्हे, तर मॅसिडोनियात. इसवी सन 200 च्या सुमारास होऊन गेलेल्या ईलियन या लेखकाने आपल्या प्राणिविषयक ग्रंथात आस्त्रीअस नदीवरील कोळ्यांचे वर्णन केले आहे. हे कोळी गळाला तांबडी लोकर गुंडाळीत, तिच्यावर कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसे बांधीत. त्यांची काठी सहा फुटांची आणि दोरीही तेवढीच असे. एवढ्या वर्णनात या कलेचे बीज संपूर्ण आले आहे. परंतु ईलियन हा ऐकीव माहिती टिपणारा ग्रंथकार होता, आणि त्या कोळ्यांपैकी कोणी लेखणी धरली नाही.

इंग्लंडात नेमके उलट घडले. 1496 मध्ये विंकिन द वर्ड या मुद्रकाने वेस्टमिन्स्टर येथे गळाच्या मासेमारीवरील एक प्रबंध छापला. तो जुलियाना बर्नर्स नावाच्या जोगिणीचा म्हणून सांगतात. त्यास भक्कम आधार नाही. पण जो कोणी लेखक असेल, त्याने स्वतः नदीकाठी दिवस घालविले होते यात संशय नाही. काठीचे लाकूड कोणत्या ऋतूत तोडावे, घोड्याच्या शेपटीचे केस कोणत्या रंगात बुडवावेत, लहानशा मासळीला एक केस तर सामनला पंधरा केसांची दोरी कशी हवी, हे सर्व तेथे आहे. आणि महिन्यांच्या क्रमाने बारा माश्याही दिल्या आहेत. त्याहून लक्षणीय आहेत ते शेवटचे उपदेश. कुणाचे कुंपण मोडू नये, फाटक उघडे टाकू नये, हावेने फार मासे धरू नयेत, आणि हा छंद पैशासाठी न करता मनाच्या व शरीराच्या स्वास्थ्यासाठी करावा. प्रबंध मुद्दाम मोठ्या ग्रंथात घातला. सुटी लहान पुस्तिका काढल्यास ती आळशी माणसांच्या हाती पडून मासे नष्ट होतील, ही भीती तेथे स्पष्ट नोंदली आहे. ज्ञान सांगावे, पण त्याने नदी उजाड होऊ नये, ही चिंता या परंपरेच्या जन्मापासूनच तिच्यासोबत आहे.

पुढे 1653 मध्ये आयझॅक वॉल्टन या लंडनच्या कापड-व्यापाऱ्याचा सुप्रसिद्ध ग्रंथ निघाला. यादवी युद्धाने देश पोळला होता, राजाचा शिरच्छेद होऊन चार वर्षे झाली होती, आणि राजपक्षाचा हा मनुष्य नदीकाठच्या शांततेविषयी संवाद लिहीत होता. वॉल्टन मुख्यतः आमिषाने मासे धरणारा. म्हणून 1676 च्या पाचव्या आवृत्तीत माशीचा भाग त्याच्या तरुण मित्राने, चार्ल्स कॉटनने, लिहिला. कॉटनच्या घराजवळून डव्ह नदी वाहत असे आणि तिचे पाणी काचेसारखे स्वच्छ होते. मासा माणसाला लांबूनच पाहतो, तेव्हा दोरी बारीक हवी आणि फेक दूरची, हा त्याचा सिद्धान्त त्या पाण्यानेच त्यास शिकविला.

एकोणिसाव्या शतकात या छंदास शास्त्राची जोड मिळाली. आल्फ्रेड रोनाल्ड्सने 1836 मध्ये माश्यांच्या प्रतिकृतींसोबत मूळ किड्यांची चित्रे व शास्त्रीय नावे दिली. खोटी माशी बांधावयाची तर खरी माशी जाणली पाहिजे, हे त्याने दाखवून दिले. फ्रेडरिक हॅलफर्डने 1886 च्या ग्रंथात तरंगती माशी हीच श्रेष्ठ ठरविली, आणि त्याच्या अनुयायांनी तिला जणू धर्माज्ञेचे रूप दिले. पाण्यावर आलेला मासा दिसेल तेव्हाच, प्रवाहाच्या उलट दिशेने माशी टाकावयाची. जी. ई. एम. स्क्यूज या वकिलाने मात्र ध्यानात घेतले की मासा आपले बहुतेक अन्न पाण्याखालीच, किडा अळीच्या अवस्थेत असताना, टिपतो. 1910 मध्ये त्याने बुडत्या माशीचा पक्ष मांडला. या प्रश्नावर 1938 मध्ये लंडनच्या क्लबात रीतसर वादविवाद झाला. आपल्याकडील टीका आणि उपटीका यांची येथे आठवण व्हावी. विषय क्षुल्लक असेल, पण प्रत्येक पिढीने मागच्या पिढीचे पुस्तक वाचून ते नदीवर पडताळून पाहिले, हे क्षुल्लक नव्हे.

या इतिहासात भारताचाही वाटा आहे. बांबू चिरून, त्याच्या पट्ट्या चिकटवून केलेल्या अमेरिकन काठ्या आरंभी कलकत्त्याहून जाणाऱ्या बांबूच्या असत. सह्याद्रीतील राखी रानकोंबड्याच्या मानेवरील चकचकीत ठिपक्यांची पिसे सामनच्या माश्यांसाठी परदेशी जात. पण हा वाटा कच्च्या मालाचा झाला; ग्रंथाचा आपला वाटा त्याहून जुना आहे.

कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसरा सोमेश्वर याने 1130 च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातील मराठी पदपंक्तींमुळे आपल्या वाङ्मयेतिहासकारांस तो परिचित आहेच. वडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेने तो 1925, 1939 व 1961 मध्ये तीन भागांत प्रसिद्ध केला. त्यात राजाच्या विनोदांमध्ये ‘मत्स्यविनोद’ येतो. समुद्रातले व गोड्या पाण्यातले, खवल्यांचे व बिनखवल्यांचे असे माशांचे वर्ग, त्यांना घालावयाचे खाद्य, काठी, दोरी व गळ यांचे विवेचन तेथे आहे. ही मासेमारी आमिषाची आहे, माशीची नव्हे. परंतु वेस्टमिन्स्टरच्या प्रबंधाहून ती साडेतीन शतकांनी आधी लिहिली गेली. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये तिच्यावर लेख लिहिला, तेव्हा कुठे विद्वानांचे लक्ष तिकडे गेले.

मग कल्याणीचा अध्याय एकाकी का राहिला आणि इंग्लंडातील प्रबंधापासून परंपरा का चालली? आमच्या मते याचे कारण बुद्धीत नाही, समाजरचनेत आहे. तेथे काठी धरणारा हात आणि लेखणी धरणारा हात एकच होता. व्यापारी, सरदार, वकील नदीवरून घरी येऊन लिहावयास बसत. तेथील नद्याही पुष्कळशा खाजगी होत्या आणि गरिबास तेथे मज्जाव होता, हे विसरून चालणार नाही. आपल्याकडे मासे जाणणारे भोई, कोळी, गाबीत, खारवी हे लिहीत नव्हते, आणि लिहिणाऱ्यांना पाण्यात उतरणे कमीपणाचे वाटे. सोमेश्वरासारख्या राजाने ही भिंत एकदा ओलांडली. त्याच्यामागून कोणी गेले नाही.

गरवणे, पागणे यांसारखी क्रियापदे, जाळ्यांची व माशांची नावे, भरती-ओहोटीचे आडाखे हे सारे आजही वृद्ध दर्यावर्दींच्या तोंडी आहे. यंत्रनौका आणि नायलॉनच्या दोऱ्या आल्या तसतसा त्यांचा वापर उणावत आहे. ते शब्द जाणकारांच्या तोंडून, त्यांच्याच पाण्याकाठी बसून लिहून घेणे हे भाषेच्या सेवकांचे काम होय. मानसोल्लासाचा तुटलेला धागा जोडावयाचा तर तो तेथूनच जोडला जाईल.