‘डू’ ह्या क्रियापदाची कुळकथा

इंग्रजी शिकूं लागलेल्या मराठी मुलाला ‘डू’ हें क्रियापद लवकरच भेटतें आणि भेटल्याबरोबर छळूं लागतें. ‘करणें’ हा त्याचा अर्थ त्यानें पाठ केलेला असतो. पुढें केव्हां तरी ‘डू यू नो हिम?’ हें वाक्य येतें. ‘तुम्ही त्याला ओळखतां का?’ असें त्याचें भाषांतर सांगण्यांत येतें, आणि त्यांत ‘करणें’ कोठेंच सांपडत नाहीं. मुलानें विचारलेंच, तर ‘तसा नियम आहे’ एवढेंच उत्तर मिळतें. त्यानें ‘नो यू हिम?’ असें लिहिलें, तर त्याखालीं तांबडी रेघ ठरलेली. वस्तुतः शेक्सपियरच्या काळीं, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस, ह्या वाक्यांत कोणाहि इंग्रजाला वावगें दिसलें नसतें. आज जी चूक ठरते ती एके काळीं शुद्ध भाषा होती. तेव्हां हा नियम आला कोठून, हें पाहण्यासारखें आहे.

शब्दाचें मूळ फार जुनें आहे. प्राचीन इंग्रजींत त्याचें रूप ‘डोन’ असें होतें, आणि ‘करणें’ ह्याबरोबरच ‘ठेवणें’, ‘घालणें’ हाहि त्याचा अर्थ होता. अंगावर कपडा चढविणें ह्या अर्थाचें ‘डॉन’ आणि टोपी उतरविणें ह्या अर्थाचें ‘डॉफ’ हीं क्रियापदें म्हणजे ‘डू ऑन’ व ‘डू ऑफ’ ह्यांचींच आटलेलीं रूपें होत. संस्कृत जाणणाऱ्यास येथें एक ओळखीचा चेहरा दिसेल. ठेवणें ह्या अर्थाचा ‘धा’ धातु, ज्यापासून ‘विधि’, ‘विधान’, ‘निधान’ हे शब्द निघाले, तो आणि हा ‘डू’ एकाच कुळांतले. आपल्या ‘कृ’ धातूशीं मात्र त्याचें नातें नाहीं. अर्थ जुळला, पण रक्त जुळलें नाहीं, असा हा प्रकार आहे.

त्या प्राचीन काळीं प्रश्न विचारावयाचा तर क्रियापद उचलून कर्त्याच्या पुढें ठेवीत. नकारासाठीं क्रियापदाच्या आधीं ‘ने’ हा लहानसा शब्द येई. पुढें हा ‘ने’ उच्चारांत इतका क्षीण झाला कीं त्याला टेकू म्हणून क्रियापदानंतर ‘नॉट’ येऊं लागला. कांहीं काळानें टेकू राहिला आणि ‘ने’ गळाला. ऑटो येस्पर्सन ह्या डॅनिश पंडितानें १९१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत नकाराची ही फिरती चक्री उत्तम रीतीनें दाखविली आहे. अशा रीतीनें ‘आय नो नॉट’ हें वाक्य तयार झालें. त्यांतहि ‘डू’चा पत्ता नाहीं.

‘डू’ चोरपावलांनीं शिरला तो कवितेच्या दारानें. तेराव्या शतकांत इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागांतील पद्यांत तो मुख्य क्रियापदाच्या जोडीला, अर्थांत कांहींहि भर न घालतां, उभा राहिलेला दिसतो. कवींची सोय उघड होती. ‘डू’ पुढें ठेवला कीं मुख्य क्रियापद ओळीच्या शेवटीं नेतां येई आणि यमक साधे. त्याच सुमारास ‘करविणें’ ह्या अर्थींहि हाच शब्द चालत असे, आणि त्यांतूनच हा पोकळ ‘डू’ निघाला असें पुष्कळांचें मत आहे. दुसरा पक्ष म्हणतो कीं वेल्श व कॉर्निश ह्या शेजारच्या केल्टिक भाषांत ‘करणें’ ह्या क्रियापदाची अशीच जोड लागते, तेव्हां ही देणगी तिकडून आली. हा वाद अद्याप मिटलेला नाहीं.

सोळाव्या शतकांत ह्या शब्दाचा पसारा एकदम वाढला. स्वीडनमधील आल्वार एलेगार्ड ह्यानें जुन्या लेखनांतील हजारों वाक्यें मोजून १९५३ सालीं ह्या वाढीचा हिशेब मांडला. साध्या होकारी वाक्यांतहि १५५० ते १५७५ ह्या काळांत शंभरांत सुमारें नऊ ठिकाणीं ‘डू’ आढळतो. त्यानंतर तेथें तो ओसरत गेला. प्रश्नांत आणि नकारांत मात्र तो वाढतच राहिला. असें कां व्हावें? ह्याचें बरेंचसें उत्तर मराठीशीं तुलना केली म्हणजे मिळतें. ‘जॉननें टॉमला पाहिलें का?’ ह्या वाक्यांत शब्द कसेहि फिरवा, कोणी कोणाला पाहिलें हें प्रत्यय सांगतात आणि प्रश्नाचें काम ‘का’ करतो. इंग्रजीचे प्रत्यय तोंवर झिजून गेले होते. सारा भार शब्दांच्या क्रमावर आला होता. ‘सॉ जॉन टॉम?’ असें म्हटलें कीं कर्ता व कर्म एकाच अंगाला येऊन पडतात. ‘डिड जॉन सी टॉम?’ म्हटलें कीं प्रश्नाची निशाणी पुढें लागते आणि मागील क्रम जसाच्या तसा राहतो. ‘कॅन’, ‘मे’, ‘मस्ट’ हे सहायक आधींच ते काम करीत असल्यामुळें त्यांना ‘डू’ लागला नाहीं. मुलांना जें कोडें वाटतें त्यांत एवढी व्यवस्था आहे, आणि ती कोणा व्याकरणकारानें बसविलेली नाहीं.

व्याकरणकार आले ते उशिरां. पोप कवीनें १७११ सालीं पद्यांतील भरतीच्या ‘डू’ची थट्टा केली. डॉक्टर जॉन्सननें १७५५ सालच्या आपल्या कोशाला जोडलेल्या व्याकरणांत होकारी वाक्यांतला अनावश्यक ‘डू’ सदोष ठरविला. पण तो तेथून त्यापूर्वींच उठून गेला होता. मेलेल्याला फांशी देण्यांत पुरुषार्थ तो कोणता? डॉर्सेट व सॉमरसेट परगण्यांतील शेतकऱ्यांनीं तर विद्वानांचें ऐकलेंच नाहीं, आणि त्यांच्या बोलींत तो पुढेंहि नांदत राहिला. जर्मनींत उलट घडलें. तेथेंहि बोलींतून ‘टून’ हें सख्खें भावंड अशीच जोड देतें, पण शिष्ट भाषेनें त्याला उंबऱ्याबाहेर ठेवलें.

जुनी रीत एका दिवसांत मेली नाहीं. १६११ सालच्या बायबलाच्या भाषांतरानें ती जपली, आणि ‘नो’, ‘केअर’, ‘डाउट’ अशा नित्याच्या क्रियापदांनीं ‘डू’ला फार दिवस दाद दिली नाहीं. १९६१ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी ह्यांनीं अधिकारग्रहणाच्या भाषणांतील गाजलेल्या वाक्यांत ‘नॉट’ क्रियापदाच्या मागें ठेवला, तेव्हां श्रोत्यांना त्यांत भारदस्तपणा वाटला. शाळकरी मुलानें तेंच केलें असतें तर!

‘डू’ची चाल अजून थांबलेली नाहीं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ‘हॅव यू अ पेन?’ हें इंग्लंडांत शिष्टसंमत वाक्य होतें, आणि ‘डू यू हॅव अ पेन?’ हें अमेरिकन वळण समजलें जाई. आज लंडनच्या दुकानांतहि दुसरेंच वाक्य सहज ऐकूं येतें, आणि पहिलें ज्यांच्या तोंडीं राहिलें आहे ते बहुतेक वृद्ध आहेत.