घाटाचे पाणी, गाडीचे तेल

बैलगाडीच्या साट्याखाली बांबूचे एक नळकांडे लोंबकळत असे, हे आमच्या वयाच्या श्रोत्यांस आठवत असेल. त्यात वंगण असे. एरंडेल किंवा करंजेल तेल, त्यात थोडी काजळी, आणि ते लावावयास एक काडी. चाक करकरू लागले की गाडीवान खाली उतरे, कुणी काढी, चाक आखावरून जरासे बाहेर ओढी आणि वंगण चोपडून पुन्हा वाटेला लागे. घासणाऱ्या दोन कठीण वस्तूंमध्ये एक पातळ पदार्थ ठेवला म्हणजे त्या एकमेकींस खात नाहीत, एवढे यंत्रशास्त्र त्या गाडीवानास पुस्तकावाचून ठाऊक होते.

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हास विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा संपांच्या इतिहासाची असावी. कामगार संघटनेत तीस वर्षे काढलेला मनुष्य दुसरे काय बोलणार! परंतु आम्ही तेल आणि पाणी हा विषय घेतला. मोटारीत जी जी द्रव्ये ओतली जातात, त्यांचा आणि ती ओतणाऱ्या माणसांचा हा वृत्तांत आहे. आम्ही इंजिनियर नव्हे. आमचे शिक्षण नववीपर्यंतचे, आणि पुढचे सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा जाणकारांनी चूकभूल पोटात घालावी.

आपल्या नाशिकचा मुंबईशी संबंध यावयाचा तो थळ घाटातून, ज्यास आपण कसारा घाट म्हणतो. आगगाडी ह्या घाटाने इगतपुरीस पोचली ती 1865 च्या जानेवारीत. चढ असा की 37 फूट पुढे जावे तेव्हा गाडी एक फूट वर जावी. वाफेच्या इंजिनाला अशा चढावर पाणी लागे ते अलोट, आणि तेलही लागे. डब्यांच्या चाकांच्या पेट्यांत तेलात भिजविलेला कापसाचा बोळा ठेवलेला असे. तो वाळला की आस तापे, पेटही घेई. म्हणून स्टेशनात गाडी थांबली की एक मनुष्य पेटीला हाताची पालथी बाजू लावीत गाडीच्या कडेने चालत जाई. हात हेच त्याचे उष्णतामापक.

ह्याच काळात अमेरिकेत एलायजा मॅकॉय नावाचा एक कृष्णवर्णीय तरुण होता. त्याचे आईबाप गुलामगिरीतून पळून कॅनडात गेलेले. पोराने एडिंबरोस जाऊन यंत्रविद्या शिकून घेतली, परंतु परतल्यावर रंगामुळे त्यास इंजिनियरची जागा कोणी देईना. मिशिगनच्या एका रेल्वेत त्याने कोळसा ओढण्याचे आणि तेल घालण्याचे काम पत्करले. तेल घालावयास इंजिन वारंवार थांबवावे लागते हे त्याने स्वतःच्या हातांनी अनुभवले, आणि 1872 साली चालत्या इंजिनास आपोआप तेल पोचविणाऱ्या पात्राचे पेटंट घेतले. वंगणाच्या इतिहासात आम्हास सर्वांत आवडणारा मनुष्य हा. ज्याच्या हाताला तेल लागते त्याच्या डोक्यात त्या तेलाविषयी काही असते, ही गोष्ट मालकवर्गाला आजही पुष्कळदा पटत नाही.

मोटार आली आणि द्रव्यांची संख्या वाढली. 1859 साली पेनसिल्व्हानियात ड्रेकने विहीर खणून जमिनीतले तेल काढले होते. त्यापासून वंगणतेल निघू लागले, तरी एरंडेल एकदम मागे पडले नाही. कॅस्ट्रॉल हे नाव ज्या तेलास 1909 च्या सुमारास मिळाले, ते 'कॅस्टर' म्हणजे एरंडावरूनच. आमच्या गाडीवानाच्या नळकांड्यातले द्रव्य असे विलायती डब्यात जाऊन बसले. तेलाच्या जाडपातळपणाला आकडे देण्याची पद्धत अमेरिकेतील मोटार इंजिनियरांच्या संस्थेने 1911 साली घालून दिली. डब्यावर आज 'एसएई' म्हणून जे छापलेले असते ते तेच.

इंजिनातले तेल नुसते घसरगुंडीचे काम करीत नाही. ते पिस्टनची उष्णता वाहून नेते, डिझेलची काजळी अंगावर घेते आणि जळणातून उत्पन्न होणारे आम्ल मारते. म्हणून ते काळे पडते. काळे पडले म्हणजे बिघडले असे नव्हे, ते काम करीत आहे असा त्याचा अर्थ. परंतु अंगावर घेण्यासही सीमा असते, आणि ती ओलांडली की तेच तेल बेअरिंगला खाऊ लागते. जुना मिस्त्री डिपस्टिकवरचा थेंब दोन बोटांत चोळून आणि हुंगून हे सांगत असे. तेल दुधाळ, चहासारखे दिसले तर पाणी आत शिरले, गॅस्केट गेले, हे तर क्लीनरही सांगे.

आता पाण्याकडे वळू. कसारा घाट उन्हाळ्यात चढताना ज्यांनी जुन्या मालमोटारी पाहिल्या, त्यांना ते दृश्य विसरता येणार नाही. दर वळणावर एक गाडी, बॉनेट उघडे, चाकामागे दगड, आणि क्लीनर पत्र्याचा डबा घेऊन झरा शोधीत निघालेला. रेडिएटरचे झाकण गोणपाट धरून उघडावयाचे, आणि तोंड बाजूला वळवावयाचे. ज्यांनी वळविले नाही त्यांचे चेहरे आम्ही पाहिले आहेत. वर पोचले की घाटनदेवीला हात जोडावयाचे, आणि मगच इगतपुरीचा चहा.

ह्यात शास्त्र आहे ते असे. इगतपुरीची उंची सुमारे 600 मीटर, तेथे उघड्या भांड्यातले पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळते. झाकणाला घट्ट स्प्रिंग लावून आत दाब धरला, तर तेच पाणी 115 अंशांच्या पुढेही उकळत नाही. म्हणजे झाकणाचे रबर गेले तर रेडिएटर नवा असूनही गाडी घाटात उकळणार. आणि पाणी कोणते? आपल्या काळ्या दगडातल्या विहिरींचे पाणी जड. ते उकळले की तांब्याच्या बुडाशी जसा पांढरा थर बसतो, तसा तो इंजिनाच्या नळ्यांतही बसतो. ग्लायकॉल मिसळलेले शीतक वापरा असे पुस्तक सांगते, तेव्हा आपले लोक म्हणत, आपल्याकडे बर्फ कुठे पडतो? वस्तुतः ते द्रव्य गंज रोखण्यासाठी आणि उत्कलनबिंदू वाढविण्यासाठीही आहे. हा गैरसमज आमचाही कित्येक वर्षे होता, हे कबूल केले पाहिजे.

1 जून 1948 रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुण्याहून अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, गेली. चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे ही नावे इतिहासाने जपली, हे फार चांगले झाले. परंतु त्या सकाळी त्या बसमध्ये तेलपाणी कोणी पाहिले, त्याचे नाव कोठे नोंदले गेल्याचे आमच्या वाचनात नाही. डेपोतला मनुष्य नेहमी असाच कागदाबाहेर राहतो. आणि हे कागदाबाहेर राहणे किती महाग पडते, ते आता सांगावयाचे आहे.

1990 नंतरच्या दशकातली गोष्ट. आम्ही एका वाहतूक पेढीच्या कामगारांत काम करीत होतो. पेढीचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. पावसाळ्यात एके रात्री तिचा एक टेम्पो टोमॅटो भरून वाशीच्या बाजाराकडे निघाला. कसारा घाट निम्मा उतरल्यावर ब्रेकचे पेडल एकाएकी फळीला टेकले. ड्रायव्हरने गाडी दरीकडे न जाऊ देता डोंगरावर घातली. तो वाचला, क्लीनरचा, एकोणीस वर्षांच्या पोराचा, पाय गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तपासणी झाली. पेडल दाबले तर कडक! ब्रेक उत्तम आहेत, असा अहवाल झाला. मग राहिले काय? वेग आणि निष्काळजीपणा. ड्रायव्हरला निलंबित केले आणि त्याच्यावर खटलाही झाला.

ड्रायव्हर आम्हाला एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगे, "साहेब, देवाशपथ पेडल नव्हतं." आम्ही त्याच्यावर मनातून पूर्ण विश्वास ठेवला होता असे म्हणणार नाही. परंतु वकिलाकडे जाण्यापूर्वी आम्ही वाचनालयात गेलो, आणि इंग्रजी शब्दकोश शेजारी ठेवून मोटारीचे एक जाडे पुस्तक पंधरा दिवस वाचले.

तेलाच्या दाबाने चालणारे ब्रेक माल्कम लॉकहीड ह्या अमेरिकनाने पहिल्या महायुद्धाच्या काळात सिद्ध केले. त्यातले आरंभीचे द्रव्य पुन्हा एरंडेल आणि मद्यार्क! पुढे ग्लायकॉल जातीची द्रव्ये आली. त्यांचा एक स्वभाव असा की ती हवेतले पाणी पितात. डबा उघडा राहिला तर पितात, गाडीच्या रबरी नळ्यांतूनही हळूहळू पितात. 'डॉट 3' जातीचे ताजे तेल 205 अंशांखाली उकळू नये असा दंडक आहे. पाणी प्यालेल्या तेलासाठी तो 140 वर येतो. 'डॉट 4' चे आकडे 230 आणि 155. आता घाटाचा हिशेब पाहा. तीन टनांची गाडी 300 मीटर खाली उतरते तेव्हा जी शक्ती मोकळी होते, तिच्यात दोन घागरी, म्हणजे सुमारे 25 लिटर, थंड पाणी उकळी फुटेपर्यंत तापेल. खालच्या गिअरमध्ये उतरले तर त्यातला मोठा भाग इंजिन झेलते. नाहीतर सारी ब्रेकच्या वाट्याला. तेलातले पाणी उकळले की त्याची वाफ होते. तेल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते. पाय खाली जातो, चाकापर्यंत काहीच पोचत नाही. आणि गाडी थंड झाली की वाफेचे पुन्हा पाणी होते आणि पेडल कडक होते.

दुसऱ्या दिवशीच्या दुपारी ते कडक होते, ह्याचा उलगडा आम्हाला त्या बाकावर झाला, तेव्हा आमच्या हाताला कंप सुटला होता.

चौकशीत आम्ही टेम्पोतले ब्रेकतेल काढून दाखविण्याची मागणी केली. ते कोऱ्या चहासारखे निघाले. भांडाराचे पुस्तक मागविले. चार वर्षांत ब्रेकतेलाचे लहान डबे खरेदी झाले होते ते केवळ कमी पडल्यास भर घालण्यापुरते; संपूर्ण तेल बदलल्याची एकही नोंद नव्हती. चौकशी अधिकाऱ्याने हे ऐकून घेतले आणि ड्रायव्हरने कोणत्या गिअरमध्ये घाट उतरला ह्याचा पुरावा काय, असे विचारले. प्रश्न रास्त होता. उत्तर आमच्याकडे नव्हते. ड्रायव्हरची नोकरी गेली ती गेलीच. न्यायालयाने सहा वर्षांनी त्यास निर्दोष सोडले. क्लीनरला 1923 च्या कायद्याखाली भरपाई मिळाली. तेवढ्यात त्याने पिठाची गिरणी टाकली.

ह्या प्रकरणात आमच्या संघटनेचा दोष लपविणे बरे नव्हे. त्या पेढीकडे आम्ही बोनस मागितला होता, गणवेश मागितला होता, हात धुवावयास साबण मागितला होता. ब्रेकतेल दोन वर्षांनी बदला, आणि बदलल्याची तारीख लिहा, ही मागणी आमच्या कोणत्याही पत्रकात नव्हती. ते मालकाचे काम, असे आम्ही समजत होतो. त्या वर्षानंतर ती मागणी पहिल्या पानावर गेली. पेढीने वही ठेवली. आम्हाला मात्र ती वही एका पायाच्या किमतीला मिळाली.

साबणाचे नाव निघाले म्हणून सांगतो. द्वारकेजवळच्या एका गॅरेजात आम्ही पोरवयात हेल्पर होतो, तेव्हा काळ्या तेलाचे हात डिझेलने धूत असू आणि तेलाचे बोळे खिशात कोंबत असू. लँकेशायरच्या कापड गिरण्यांत म्यूल यंत्रावर काम करणाऱ्या कामगारांच्या मांड्यांवर दिवसभर खनिज तेलाचे तुषार उडत. त्यांना जांघेतला कर्करोग होतो हे 1922 साली डॉक्टरांनी उघड केले, आणि त्याविषयीचे खास नियम व्हावयास 1953 उजाडले. अशुद्ध खनिज तेले कर्करोगकारक आहेत हे आज जगन्मान्य आहे. तरीही मुंबई नाक्यापासून पुढे जाताना कोपरापर्यंत काळे हात आम्हास रोज दिसतात. हातमोज्यांचा जोड फार महाग नाही, हो! आणि ते काळे तेल पुढे जाते कोठे? नियमाप्रमाणे ते घातक द्रव्य आहे, नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच दिले पाहिजे. प्रत्यक्षात पहिल्या पावसात गटाराच्या पाण्यावर जो इंद्रधनुषी तवंग येतो, तो नासर्डीतून ह्याच गोदावरीला मिळतो, जिच्या काठी आपण वसंतात व्याख्याने ऐकावयास बसतो.

अलीकडे गाडीत आणखी एक द्रव्य आले. 1 एप्रिल 2020 पासून भारत सहा मानक लागू झाले, आणि मोठ्या डिझेल गाड्यांच्या धुरातील विषारी वायू मारण्यासाठी शेकडा साडेबत्तीस युरिया विरघळविलेले शुद्ध पाणी स्वतंत्र टाकीतून फवारले जाऊ लागले. शेतातला युरिया नळाच्या पाण्यात कालवून ते घरी करणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. त्याने महागडे यंत्र बसते, आणि मग बोल पुन्हा ड्रायव्हरला.

1 जून 2022 रोजी 'शिवाई' ही विजेची बस पुण्याहून पुन्हा त्याच नगरच्या रस्त्याने निघाली. 5 जून 2025 पासून समृद्धी महामार्गाच्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून इगतपुरीचा डोंगर काही मिनिटांत ओलांडता येतो. घाटात डबा घेऊन झरा शोधणारा क्लीनर आता क्वचितच दिसतो. तेव्हा एक तरुण मित्र आम्हास म्हणाला, "काका, आता इंजिनच नाही, तेलपाण्याचं तुमचं पुराण संपलं." आम्ही त्याला घेऊन ओळखीच्या एका विद्युत मिस्त्रीकडे गेलो. त्याने विजेच्या एका टेम्पोचे झाकण उघडले. बॅटरी थंड ठेवणारे ग्लायकॉलचे पाणी एका बाटलीत, शेजारी ब्रेकतेलाची वाटी, खाली गिअरचे तेल. ब्रेकतेलाच्या वाटीवर त्याने खडूने तारीख लिहिली होती. ती तीन वर्षांपूर्वीची होती. मिस्त्री ओशाळून म्हणाला, उद्याच बदलतो. आणि आम्ही त्याला म्हणालो, उद्या कशाला, आता आम्ही बसलो आहोत.