जीटी आणि बाहा

चंडीगडच्या आयटी पार्कात आमच्याकडे नवी पोरं रुजू झाली की मी विचारतो, "जीटी मारलीय का कधी?" पतियाळाची असोत की पुण्याची, सगळी हसतात. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. खाली बल्ब, वर काच, काचेवर मित्राची ड्रॉइंग शीट, तिच्यावर आपली कोरी. पुण्याला होस्टेलवर मी एका रात्रीत चार शीट अशा उतरवल्यात.

याला नुसता आळस म्हणू नये. पुण्यात 1854 साली इंजिनिअरिंग क्लास निघाला तो सरकारी बांधकामांवर हाताखालची माणसं हवी होती म्हणून. दिलेला नकाशा बिनचूक उतरवणं हे तेव्हा कसबच होतं. काळ बदलला, शीट मात्र तीच राहिली.

आमची ही खोड मोडली बाहाने. 1976 साली अमेरिकेत, साउथ कॅरोलायना विद्यापीठात सुरू झालेली ही स्पर्धा 2007 मध्ये मध्य प्रदेशातल्या पीथमपूरला आली. खडकाळ वाटेवर धावेल अशी एका माणसाची गाडी पोरांनीच आखायची, पोरांनीच बांधायची. खरी मेख इंजिनात. तेव्हा दहा अश्वशक्तीचं इंजिन सगळ्यांना सारखंच, आणि ते उघडायचं नाही. मग पुढे जायचं तर सांगाड्याचं वजन, सस्पेन्शन, गिअरचा हिशेब. नियमातल्यापेक्षा वेगळा पाइप घ्यायचा? तो तितकाच ताठ आणि तितकाच मजबूत आहे हे गणिताने दाखवा.

आम्ही आमची गाडी घेऊन गेलो तेव्हा तपासणीत परीक्षकाने आमच्या ड्रायव्हरला हेल्मेटसकट बसवलं, रोल केजच्या पाइपांवर सरळ पट्टी टेकवली आणि हेल्मेटपर्यंतचं अंतर मोजलं. 152 मिलिमीटर हवं होतं, भरलं 140. संगणकावर आम्ही साडेपाच फुटी पुतळा बसवला होता. ड्रायव्हर निघाला सहा फुटी! रात्रभर ग्राइंडर घेऊन सीटचे ब्रॅकेट कापत बसलो. चारही चाकं एकदम लॉक व्हायची ब्रेक टेस्ट तिसऱ्या खेपेला निघाली. चार तासांच्या शर्यतीत दुसऱ्याच तासाला पुढच्या चाकाला धरणारा नकल तुटला.

गाडी बांधण्याआधीची, नुसत्या आराखड्याची फेरी पुढे इथून जवळच, राजपुऱ्याकडच्या चितकारा विद्यापीठात होऊ लागली. त्या तयारीसाठी एका कॉलेजच्या पोरांना मी शनिवारी शिकवायला जायचो. एकाला विचारलं, "हा कोन कसा काढला?"

"सर, सीनियर्सचा हाच होता."

म्हणजे जीटीच, फक्त बल्ब गेला. कॉलेजांना विनंती आहे: सीनियर्सची फाइल पोरांना खुशाल द्या, पण तिच्यातला एकेक आकडा त्यांच्याकडून पुन्हा काढून घ्या.