सल्ला देण्याचा अधिकार

वैद्याने औषध द्यावे किंवा वकिलाने दावा चालवावा, तर त्यापाशी सनद हवी, हे कोणासही पटते. परंतु चौदा वर्षांच्या मुलास जवळ बसवून ‘तुझ्या मनात काय आहे?’ असे विचारावयासही सनद लागावी, ही कल्पना अमेरिकेतील राज्यांच्या कायद्यांत रुजण्यास बराच काळ जावा लागला.

आरंभ झाला तो बोस्टन शहरात. फ्रँक पार्सन्स या गृहस्थाने स्थापत्य आणि कायदा या दोन्ही विद्या चाखून पाहिल्या होत्या. तरुणांस आपापला व्यवसाय निवडता यावा म्हणून १९०८ साली त्याने तेथे एक कचेरी उघडली. त्याच वर्षी तो वारला, व त्याचा ग्रंथ १९०९ मध्ये मागाहून प्रसिद्ध झाला. लवकरच बोस्टनच्या शाळांनी शंभरांवर शिक्षकांस सल्लागार नेमले. मात्र शिकविण्याचे ओझे तसेच ठेवून. समुपदेशक हा आधी शिक्षक असलाच पाहिजे, ही अट पुढे कित्येक राज्यांनी दीर्घकाळ बाळगली, तिचे मूळ या प्रथेतच असावे असे मला वाटते.

खरा वेग आला तो मात्र मुलांच्या कळवळ्याने नव्हे, भयाने! ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाचा स्पुटनिक आकाशात फिरू लागला आणि आपल्या शाळा मागे पडल्या, अशी अमेरिकेची खात्री झाली. तेथे शिक्षण हा राज्यांचा विषय; वॉशिंग्टनला हुकूम सोडता येईना. तेव्हा त्याने थैली उघडली. २ सप्टेंबर १९५८ रोजी राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यावर अध्यक्ष आयसेनहौअर यांची सही झाली. त्याच्या पाचव्या प्रकरणात चाचण्या व मार्गदर्शन यांसाठी राज्यांस दरसाल दीड कोटी डॉलर देण्याची तरतूद होती. अट इतकीच की, राज्याने आपली योजना आधी सादर करावी. विद्यापीठांत प्रशिक्षणवर्ग निघाले. तेथे येणाऱ्यास आठवड्यास ७५ डॉलर, शिवाय प्रत्येक आश्रितामागे १५ डॉलर विद्यावेतन! हेतू उघड होता: हुशार मुले हेरावी व त्यांस विज्ञानाकडे वळवावे. मंद किंवा दुःखी मुलाचा विचार कायदे करणाऱ्यांच्या मनात फारसा नव्हता. तरीपण १९६२ साली गिल्बर्ट रेन यांनी आपल्या ग्रंथात समुपदेशकाचे काम सर्वच मुलांच्या वाढीस साहाय्य करण्याचे आहे असे मांडले, आणि राज्याराज्यांतून पदव्युत्तर पदवी व देखरेखीखालील अनुभव या अटी हळूहळू दृढ झाल्या.

सनदेने माणूस कोण असावा हे ठरविले. मुले किती असावी हे नव्हे. एका समुपदेशकामागे २५० विद्यार्थी असावे, असे त्यांची राष्ट्रीय संघटना सांगते. अलीकडची देशाची सरासरी साडेतीनशेंहूनही अधिक आहे. तेव्हा सनदच सैल करावी, असा मोह एखाद्या विधिमंडळास पडला तर नवल नाही.

टेक्सासने २०२३ साली तेच केले. तेथे शालेय समुपदेशकास पदव्युत्तर पदवी व परीक्षा यांवाचून गत्यंतर नाही. परंतु नव्या कायद्याने शाळांस चॅपलेन, म्हणजे धर्मोपदेशक, नेमण्याची मुभा दिली, आणि त्यास राज्याच्या शिक्षकी प्रमाणपत्राची गरज ठेवली नाही. पूर्ववृत्ताची चौकशी झाली की पुरे. प्रत्येक शाळामंडळाने १ मार्च २०२४ पूर्वी यावर मत द्यावयाचे होते. मोठ्या शहरांतील बहुतेक मंडळांनी नकार दिला. त्याआधीच शंभरांहून अधिक चॅपलेनांनी एक पत्र काढून मंडळांस विनविले होते की, हे काम आमचे नव्हे. आमची तयारी निराळ्या कामासाठी झालेली आहे.