राजी : ॲन एन्शंट एपिक

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने घडवलेला अद्भुतरम्य साहसी व्हिडिओगेम. १८ ऑगस्ट २०२० रोजी तो निन्टेन्डो स्विचवर आला. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला संगणक, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर. पूर्ण व्हायला साधारण पाच-सहा तास लागतात. म्हणजे रविवारच्या एका दिवसात संपणारा हा खेळ आहे, पण एकदाच खेळून बाजूला ठेवावा असा नाही.

कथेची सुरुवात राखीपौर्णिमेला होते. राजी ही फिरत्या खेळवाल्यांमधली कसरती करणारी मुलगी, गोलू तिचा धाकटा भाऊ. असुर वस्तीवर चालून येतात, मुलांना पळवतात आणि गोलू त्यांच्या हाती सापडतो. देवांकडून हरलेला महाबलासुर या हल्ल्यामागे आहे. माणसांना लढाईचा विसर पडलेला, त्यामुळे देव या मुलीची निवड करतात. दुर्गा तिला त्रिशूल देते. पुढे विष्णूचे शार्ङ्ग धनुष्य आणि तलवार-ढाल तिच्या हाती येते. कथा सांगतात तेही दुर्गा आणि विष्णूच. राजीच्या प्रत्येक पावलावर दोघांची चर्चा चालू असते, कधी कौतुकाची, कधी काळजीची.

अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयान मॉड या तिघांनी २०१७ मध्ये स्टुडिओ उभा केला. त्याच वर्षी किकस्टार्टरवर लोकवर्गणीचे आवाहन झाले, उद्दिष्ट होते १ लाख २० हजार पौंडांचे. ते गाठता आले नाही. काम थांबू नये म्हणून अविचल सिंग यांनी स्वतःचा फ्लॅट विकला. भारतात पुराणकथांवरचे कन्सोल गेम याआधी झाले नव्हते असे नाही. हैदराबादमध्ये तयार झालेला ‘हनुमान : बॉय वॉरियर’ २००९ मध्येच प्लेस्टेशन २ वर आला होता. पण ‘राजी’ची दखल जगाने घेतली. २०२० च्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातील सर्वोत्कृष्ट इंडी गेमसाठी तिला नामांकन मिळाले. पुरस्कार ‘फॅस्मोफोबिया’ला गेला.

या गेमचे खरे बळ त्याच्या भिंतींत आहे. श्रुती घोष यांच्या कलादिग्दर्शनात पहाडी लघुचित्रांचा बाज त्रिमित दृश्यांवर हाताने रंगवून उतरवला आहे. राजस्थानी किल्ल्यांचे झरोके आणि छत्र्या, त्यांना बालीच्या हिंदू परंपरेची जोड. मधली कथादृश्ये छाया-बाहुल्यांच्या शैलीतली. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची चामड्याच्या बाहुल्यांची कला पाहिलेल्या माणसाला ती लगेच आपली वाटतील. संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचे असूनही कुठे परके वाटत नाही.

वाटेत भित्तिचित्रे लागतात. त्यांच्यासमोर थांबले तर दशावतारांच्या आणि महिषासुरमर्दिनीच्या कथा ऐकायला मिळतात, न थांबता पुढे गेले तरी खेळ अडत नाही. पहिल्या फेरीत गोलूला शोधायची घाई असते, त्यामुळे पुष्कळशी चित्रे नजरेआड होतात. दुसरी फेरी त्यांच्यासाठीच खेळावी. यवतमाळच्या वाचकाला हे अधिक जवळचे वाटेल. या शहराचा नवरात्रातला दुर्गोत्सव विदर्भभर नावाजलेला आहे. मंडपामंडपांतून देवीची रूपे पाहत वाढलेल्या मुलाला त्रिशूल आणि महिषासुर समजावून सांगावे लागत नाहीत. परदेशी खेळाडूला जी माहिती नव्याने शिकावी लागते, ती इथल्या मुलाजवळ आधीपासूनच असते.

लढाईची मजा राजीच्या कसरतींत आहे. खांबाला गिरकी घेऊन वार, भिंतीवर धावत जाऊन उलटी उडी, मग शत्रूंच्या घोळक्यात झेप. शस्त्रांना मिळणारी दैवी वरदाने हवी तेव्हा बदलता येतात. एका फेरीत त्रिशुळावर भर दिला, तर पुढच्या फेरीत धनुष्यावर द्यावा, लढाईचा रंग पालटतो. यंत्राकृतींची चक्रे फिरवून जुळवायची कोडी मात्र फार सोपी आहेत. ती जुळली की बहीण-भावाच्या आठवणी उलगडतात, हीच त्यांची खरी कमाई.

उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. कॅमेरा खेळाडूच्या हातात नाही, त्यामुळे उडी मारताना अंतराचा अंदाज चुकतो. मोठ्या शत्रूंशी झुंजताना हालचाल कधी जड वाटते. शेवट तर अचानक येतो, कथा अर्ध्यावर तुटल्यासारखी; समीक्षकांनी यावर नेमके बोट ठेवले.

यांपैकी बरेच काही स्टुडिओने मनावर घेतले. २०२२ मध्ये सुधारित ‘एन्हान्स्ड एडिशन’ निघाली. तीत कथादृश्ये मोशन कॅप्चर तंत्राने नव्याने केली, हालचाली आणि प्रकाशयोजना सुधारली, संपूर्ण हिंदी संवाद आले. दुर्गा आणि विष्णू हिंदीत बोलू लागले की पात्रांना वेगळेच वजन येते. जुनी आवृत्ती खेळून झालेल्यांनी ही नवी आवृत्ती हिंदी संवाद लावून, भित्तिचित्रांपुढे थांबत, पुन्हा पहिल्यापासून खेळावी.