बंब उशिरा आला होता का? एका नोंदीची दुरुस्ती

सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी लिहा, असं स्मरणिका समितीने सांगितलं म्हणून जुनी इतिवृत्त पुस्तकं काढून बसलो. २००० साली नोंदणी झाल्यापासूनची पाणीटंचाई, लिफ्टचे वाद, रंगकाम, सगळं त्यात आहे. २०११च्या गणेशोत्सवानंतरच्या विशेष सभेच्या इतिवृत्तात एक ओळ सापडली : ‘अग्निशमन दल उशिरा पोहोचल्यामुळे नुकसान वाढले. सभेने तीव्र नाराजी व्यक्त केली.’ खाली सचिव म्हणून माझी सही. ती ओळ खरी नाही, हे मला सही करतानाही थोडंफार माहीत होतं.

नव्या सभासदांसाठी थोडक्यात सांगतो. चौथ्या मजल्यावर समईची वात थर्माकोलच्या मखराला लागली. थर्माकोल पेटलं की धूर किती काळा असतो ते त्या रात्री आम्ही पाहिलं. घरात एकट्या काकू होत्या. मी १०१ला फोन लावला तो ८.५२ला. गेटवरच्या वॉचमनच्या वहीत बंबाची नोंद आहे ९.०१ची. पाण्याचा पहिला फवारा सुटला तेव्हा मी घाबरून मुलाला फोन केला. मोबाइलवर वेळ होती ९.१५.

मधली १४ मिनिटं कुठे गेली? बंब गेटातून आत येईना, कारण मंडपाचे बांबू वाटेत होते आणि वळणावर दोन गाड्या आडव्या. एका गाडीचा मालक सापडेना. इमारतीत आगीसाठी उभी पाइपलाइन आहे, पण तिचा व्हॉल्व्ह गंजून घट्ट बसलेला. गच्चीवरच्या आगीच्या टाकीत पाणी नव्हतं, कारण टंचाईत ते वापरून टाकायचा ठराव आपणच केला होता. शेवटी जवानांनी रस्त्यावरून होज ओढत जिन्याने वर नेला. त्याआधीच त्यांच्यातला एक जण श्वसनयंत्र लावून धुरात शिरला आणि काकूंना पाठीवर घेऊन चार मजले उतरला. काकू आठ दिवस हॉस्पिटलात होत्या, बऱ्या होऊन घरी आल्या. त्या जवानाचं नाव आपण विचारलंसुद्धा नाही.

आता हिशेब. शहरात बंब ५ ते ७ मिनिटांत पोहोचावा, असं केंद्राच्या स्थायी अग्नि सल्लागार समितीचं मानक आहे. आपल्याकडे ९ लागली. म्हणजे दलाच्या खात्यावर २ मिनिटं आणि आपल्या खात्यावर १४. सभेत मात्र सगळी रक्कम आपण त्यांच्या नावे टाकली.

याचा अर्थ दलाच्या कामात उणिवा नाहीत असा नाही. पण मूल्यमापन करायचं तर त्यांच्यापुढे या वर्षांत काय काय आलं तेही मांडायला हवं. ४ एप्रिल २०१३ला शीळफाट्याजवळची लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसं गेली. २०१५च्या जुलैअखेर ठाकुर्लीची मातृकृपा आणि आठवड्याभरात ठाण्यात नौपाड्यातली कृष्णा निवास कोसळली. आग विझवायला शिकलेल्या माणसांना आता स्लॅब कापून, ढिगाऱ्याखालचा आवाज ऐकून माणूस शोधायचा होता. ठाणे महापालिकेने पुढे यासाठी स्वतःचं आपत्ती प्रतिसाद दल उभं केलं. सप्टेंबर २०२०मध्ये भिवंडीची जिलानी इमारत पडली तेव्हा ते एनडीआरएफच्या बरोबरीने ढिगाऱ्यावर होतं. ही जमेची बाजू.

आपल्या डोंबिवलीचं दुखणं वेगळं. २६ मे २०१६ला प्रोबेसचा स्फोट झाला, १२ जण गेले, दूरदूरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. आठ वर्षांनी, २३ मे २०२४ला, अमुदानचा स्फोट झाला. दोन्ही एमआयडीसीच्या फेज दोनमध्ये. रसायनाच्या आगीवर नुसतं पाणी मारून भागत नाही, फेस लागतो. काही रसायनं तर पाण्याने जास्तच भडकतात. आत काय साठवलंय हे जवानाला आधी कळलं पाहिजे. कारखान्यांच्या भिंतीला लागून घरं होऊ दिली, त्याचा जाब मात्र बंबावरच्या माणसाला विचारता येणार नाही.

आणि १ नोव्हेंबर २०१८ विसरू नये. कल्याण पूर्वेला नेतिवलीच्या विहिरीत सफाईला उतरलेला माणूस विषारी वायूने पडला. त्याच्यामागे उतरलेले दोघे गेले, आणि त्यांना काढायला उतरलेले आपल्या महापालिकेच्या अग्निशमन दलाचे दोन जवानही गेले. अशा विहिरीत वायू तपासल्याशिवाय आणि श्वसनयंत्राशिवाय उतरायचं नसतं. दलाला विचारायचा खरा प्रश्न हाच : साधनं आहेत का, गाडीवर आहेत का, त्यांचा सराव आहे का? ‘किती मिनिटांत आलात’ हा त्यानंतरचा.

आपल्यालाही प्रश्न आहेत. महाराष्ट्राच्या २००६च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतली यंत्रणा चालू ठेवणं ही मालकाची, भोगवटादाराची, म्हणजे तुमची-आमची जबाबदारी आहे. दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून तपासून घेऊन तसं प्रमाणपत्र दलाकडे द्यायचं असतं. मी सचिव होतो त्या सहा वर्षांत ते एकदाही दिलं नाही. मेंटेनन्स वाढेल म्हणून सभासद ओरडतील, एवढंच माझं कारण.

आता व्हॉल्व्ह नवीन आहे, टाकी भरलेली असते. पण परवाच संध्याकाळी मोजल्या, त्याच वळणावर तीन गाड्या उभ्या होत्या.

१४ एप्रिल १९४४ला मुंबई गोदीच्या स्फोटात ६६ अग्निशमन जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह पाळतात. पुढच्या सप्ताहात आपण केंद्रावरून बंब बोलावू या. तो गेटातून आत, वळणावरून इमारतीपर्यंत येतो का, ते घड्याळ लावून पाहू या.

बँकेत चुकीची नोंद पडली तर ती खोडत नाहीत. उलट नोंद करून दुरुस्त करतात. म्हणून जुनं पान तसंच राहू दे. येत्या वार्षिक सभेत मी ठराव मांडणार आहे : ‘२०११च्या आगीच्या वेळी अग्निशमन दल ९ मिनिटांत पोहोचले होते. उशीर सोसायटीकडून झाला.’ अनुमोदन कोणीतरी द्यावं, ही विनंती.